सरपंचताई, कुठली भीती मोडायची आणि कुठली जपायची

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा आणि निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव आहेत. आरक्षण येण्याआधीही, १९८९ साली, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेडा इथे पूर्ण महिलांची पॅनेल निवडून आणली होती. बायका गावाचा कारभार करू शकतात का, हा प्रश्न त्यामुळे केव्हाच निकालात निघाला आहे. सदराकडे येणारी पत्रं वेगळंच काही विचारतात: छातीत धडधडत असताना सभा कशी चालवायची, आणि हात कचरत असताना सही करायची की नाही. या अंकात अशीच पत्रं निवडली आहेत. नावं आणि गावं गाळली आहेत.

प्रश्न: माझं वय ४२, शिक्षण पाचवीपर्यंत. जनतेतून थेट निवडून आले. पहिल्या ग्रामसभेत दोन वाक्यं बोलले, घसा कोरडा पडला, हातातला कागद थरथरायला लागला. माईक ग्रामसेवकांकडे दिला आणि खाली बसले. १५ ऑगस्टची सभा सहा आठवड्यांवर आली आहे. रात्रीची झोप उडाली आहे. (सरपंच, सातारा जिल्हा)

ताई, आधी आवाज का कापतो ते पाहू, म्हणजे उपाय कुठे करायचा ते कळेल. समोर शंभर डोळे दिसले की शरीर त्याला धोका समजतं. श्वास वरच्या वर, छातीतल्या छातीत चालतो. बोलायला लागते ती हवाच पुरत नाही, म्हणून वाक्याच्या शेवटी आवाज तुटतो. यात शिक्षणाचा काही संबंध नाही. पदवीधरांचंही असंच होतं.

म्हणून सुरुवात श्वासापासून. नाव पुकारण्याआधी दोन मिनिटं नाकाने चार अंक मोजत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. असं आठ-दहा वेळा करा. सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब हवा, सगळं इंगित तिथे आहे. बऱ्याच जणी घाईघाईने मोठमोठे श्वास घेतात, त्याने चक्कर येते आणि घाबरणं वाढतं. सभेच्या तासभर आधीपासून चहा नको, कोमट पाणी जवळ ठेवा. सुटा कागद हातात धरलात तर हाताचा थोडासा कंपही सगळ्या मंडपाला दिसतो. मुलांचा परीक्षेचा पॅड घ्या, कागद त्याला लावा आणि पॅड टेबलावर टेकवा. माईक तोंडापासून चार बोटं लांब आणि हनुवटीच्या किंचित खाली असावा. लोक जमायच्या अर्धा तास आधी रिकाम्या मंडपात जाऊन त्यातून आपला आवाज एकदा ऐका. स्वतःचा आवाज भोंग्यातून पहिल्यांदा ऐकला की दचकायला होतं, ते दचकणं तेव्हाच उरकून जाऊ द्या.

आता सहा आठवड्यांचं काय करायचं? पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं कार्यालयात बसून, शिपाई आणि संगणकचालक समोर असताना, मागच्या सभेचा अजेंडा मोठ्याने वाचा. दुसऱ्या आठवड्यात मासिक सभा घ्या. तिचा पहिला विषय बहुतेक मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो, ते वाचन ग्रामसेवकांना न देता स्वतः करा. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं बोला, तेही एकाच विषयावर, उदाहरणार्थ पाणीपट्टीची थकबाकी. चौथ्या आठवड्यात आपल्या वॉर्डाची सभा. पाचव्यात महिला सभा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर उरकतात. तुमच्यासाठी ती सरावाची सगळ्यात चांगली जागा आहे, ती खरोखर भरवा. सहाव्या आठवड्यात ग्रामसभा. तिथे सगळी सभा एकटीने ओढायचा हट्ट नको. सुरुवात, एक विषय आणि समारोप, हे तीन भाग स्वतःकडे ठेवा. बाकीचं वाचन ग्रामसेवक करतील, त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी गुण द्या आणि वहीत टिपून ठेवा. आठ गुणांची भीती चारवर आली की पुढची पायरी चढा. नसेल आली तर तीच पायरी पुन्हा करा. हे करताना एक चूक हमखास होते, आणि पहिल्या सभेत तुमच्याकडूनही तीच झाली. भीती अगदी टिपेला पोचलेली असताना माईक दुसऱ्याच्या हातात दिला. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, पण शरीर धडा घेतं की माईक दिला म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. फारच घाबरायला झालं तर भाषण तोडा, दोन वाक्यांवर आणा, पण ती दोन वाक्यं स्वतः पूर्ण करा. आवाज कापला तर कापू द्या. उभं राहिलात की काही मिनिटांत तो आपोआप स्थिरावतो.

आरशासमोर बोलून बघ, असा सल्ला सर्रास मिळतो. आम्हाला तो पटत नाही. आरशात लक्ष आपल्या चेहऱ्याकडे जातं आणि सभेतही मग तेच होतं, आपण कसे दिसतोय याचाच विचार. त्यापेक्षा शेवटच्या रांगेतली एक ओळखीची बाई हेरा आणि तिला ऐकू जाईल असं बोला. सगळं भाषण पाठ करू नका, एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ हवं.

राहिला अडचणीचा प्रश्न. 'पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कुठे गेले?' असं कुणीतरी विचारणारच. त्यासाठी एका पानावर चार रकाने आखा: काम, मंजूर रक्कम, झालेला खर्च, शिल्लक. हे पान ग्रामसेवकांकडून भरून घ्या, पण अक्षर तुमचं असू द्या, कारण स्वतः लिहिलेलं लक्षात राहतं. जे त्या पानावर नाही त्याला एकच उत्तर: 'प्रश्न लिहून घेतला. कागद बघून सोमवारी कार्यालयाच्या फलकावर उत्तर लावते.' आणि सोमवारी ते खरंच लावा. असं दोनदा झालं की ओरडून विचारणारेही थोडं सबुरीने विचारतात.

आणखी एक. सभेला माणसं जमतील का, ही धाकधूक वेगळी असते, तिचा हिशेब आधीच मांडून ठेवा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. ५०० मतदारांच्या गावात ७५, १,२०० मतदारांच्या गावात १००. नोटीस सात दिवस आधी निघते. त्या सात दिवसांत बचत गटांच्या अध्यक्षांना तुम्ही स्वतः फोन करा.

प्रश्न: बोलायला मी घाबरत नाही. पण विरोधी गटाचे दोन सदस्य सभेत टेबल वाजवून ओरडायला लागले की मला काही सुचत नाही, मीही ओरडते किंवा रडायला येतं. मग ठराव तसाच राहतो. (सरपंच, लातूर जिल्हा)

गोंधळ घालणाऱ्याला बहुतेक वेळा ठराव पाडायचा नसतो, सभा मोडायची असते. म्हणून तुमचं सगळं लक्ष विषय क्रमांकावर हवं. उभ्या राहा. आवाज चढवू नका, उलट एक पट्टी खाली आणा आणि हळू बोला: 'विषय क्रमांक चार चालू आहे. आधी तुम्ही बोला, मग हे बोलतील. प्रत्येकाला दोन मिनिटं.' वैयक्तिक टोमणा आला तर त्याला उत्तर देऊ नका. एका टोमण्याला उत्तर दिलंत की सभा त्याच विषयावर जाते. 'तुमचा आक्षेप इतिवृत्तात घेते,' एवढं म्हणा आणि ग्रामसेवकांना तो तिथल्या तिथे लिहायला सांगा. लेखी नोंद होतेय हे दिसलं की आवाज बराच उतरतो.

ठराव घेताना क्रम सोडू नका. सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती हात, विरोधात किती. आकडा मोठ्याने सांगा. मग ठरावाचा मजकूर वाचून दाखवा आणि त्यानंतरच पुढच्या विषयाला हात घाला. हात मोजलेच नाहीत तर दोन महिन्यांनी 'असा ठराव झालाच नव्हता' अशी तक्रार येते आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

'ऐनवेळचे विषय' इथे विशेष जपा. ते अध्यक्षांच्या परवानगीनेच येतात, आणि अध्यक्ष तुम्ही आहात. जागेचा, पैशाचा किंवा कुणाच्या अतिक्रमणाचा विषय ऐनवेळी आला तर परवानगी देऊ नका, पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या. दारू पिऊन येणारा एखादा असतोच. त्याच्याशी वाद घालायचं काम तुमचं नाही. सभेआधीच गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा, ते त्याला बाहेर नेतील. डोळ्यांत पाणी आलं तर पाणी प्या, कागदावर नजर टाका आणि विषय क्रमांक पुन्हा वाचा. रडू आलं म्हणून सभा तहकूब करू नका.

प्रश्न: सही करायला मला भीती वाटते. ग्रामसेवक म्हणतात 'ताई, करा, काही होत नाही'. डिजिटल सहीचा टोकन तर ऑपरेटरकडेच असतो. मी भित्री आहे का? (सरपंच, धुळे जिल्हा)

नाही ताई. ही भीती मोडायची नाही. सभेतली भीती सरावाने झिजवायची असते, पण सहीची भीती ही राखण आहे, ती जागी राहू द्या. फक्त ती नुसती धाकधूक म्हणून मनात ठेवण्यापेक्षा कागद तपासायच्या कामाला लावा.

ग्रामपंचायतीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) अशा दोघांच्या सह्या लागतात. वित्त आयोगाचं देयक ऑनलाइन निघतं आणि तिथेही दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. तुमचा टोकन (डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी किल्ली) आणि पिन ज्याच्याकडे, तो तुमच्या नावाने कितीही रकमेवर सही करू शकतो, आणि कागदावर ती सही तुमचीच असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ही किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी घेण्याची जबाबदारी सहीधारकावर आहे. 'ऑपरेटरने केलं' हा बचाव फार लांब जात नाही. तेव्हा उद्याच टोकन मागून घ्या. पिन बदला. जन्मसाल आणि मोबाइलचे शेवटचे आकडे पिन म्हणून नकोत. नवा पिन कागदावर लिहून टोकनच्या पिशवीत ठेवू नका, हे फार ठिकाणी दिसतं. पिन सारखा चुकला तर टोकन बंद पडतो, म्हणून अंदाजाने टाकत बसू नका. देयक काढायच्या दिवशी टोकन घेऊन जा, रक्कम आणि ठेकेदाराचं नाव पडद्यावर स्वतः वाचा, सही करा, टोकन काढून पर्समध्ये. बँकेत आणि टोकनला नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, तेही याच वेळी बघा. काही ठिकाणी तिथे भलत्याचाच नंबर असतो आणि सरपंचाला मेसेजच येत नाही.

बिलाची फाइल समोर आली की खालून वर वाचा. आधी रक्कम, मग ती कुठून आली ते. मासिक सभेचा ठराव आणि त्याचा क्रमांक आहे का? अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आहेत का, आणि आदेशाची तारीख दोन्ही मान्यतांच्या नंतरची आहे का? आदेश मान्यतेच्या आधीच्या तारखेचा निघाला तर काम आधी आणि कागद नंतर झालेत, असं समजा. मग मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात. तिच्यावर अभियंत्याची सही आणि तारीख हवी. शेवटी रोकडवही, म्हणजे नमुना ५, आणि बँकेचं पासबुक: शिल्लक जुळते का?

एमबी पाहून घाबरायचं कारण नाही, त्यात लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार असतो. समजा सिमेंट रस्त्याची नोंद १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, ०.१५ मीटर जाड अशी आहे. गुणाकार ४५ घनमीटर. आता टेप घेऊन रस्त्यावर जा, एक टोक उपसरपंचांना धरायला सांगा. लांबी ९२ मीटर भरली, आणि कडेला माती बाजूला करून चार ठिकाणी जाडी मोजली तर ती १० सेंटिमीटरच निघाली. ९२ गुणिले ३ गुणिले ०.१०, म्हणजे २७.६ घनमीटर. बिल ४५ चं आहे. १७.४ घनमीटर काँक्रीट, जवळजवळ चाळीस टक्के, फक्त कागदावर आहे. हे काम झाल्यावर पकडण्यापेक्षा काँक्रीट ओतायच्या सकाळी साच्याची उंची टेपने मोजणं फार सोपं. साचा १० सेंटिमीटरचा असेल तर रस्ता १५ चा होणार नाही, हे तिथेच सांगता येतं आणि भांडणही होत नाही.

जुळत नसेल तर सही करू नका, पण फाइल कपाटात दाबूनही ठेवू नका. इथेच बऱ्याच प्रामाणिक सरपंच अडकतात. कारण न लिहिता अडवलेली फाइल 'सरपंच कामात अडथळा आणतात' या तक्रारीचा पुरावा बनते, आणि ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली विभागीय आयुक्तांसमोर चौकशीला जावं लागू शकतं. टिप्पणीवर स्वतःच्या हाताने लिहा: 'प्रत्यक्ष लांबी व जाडी नोंदीशी जुळत नाही. फेरमोजणी करून फाइल पुन्हा सादर करावी.' तारीख, सही. तेच पत्र गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या, तिची झेरॉक्स घरी ठेवा.

कोऱ्या इतिवृत्तावर सही कधीही नको. 'सभा झाली की लिहून घेतो, तुम्ही खाली सही करून ठेवा,' असं म्हणतात. सभेतच शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची, मग सही. म्हणजे मध्ये काही घुसवता येत नाही.

प्रश्न: खुर्ची माझी, पण बसतात मिस्टर. लोकही त्यांनाच फोन करतात, त्यांनाच 'सरपंच' म्हणतात. ते वाईट नाहीत, मदतच करतात. मला विरोध करायची भीती वाटते, घरात वाद नको. (सरपंच, अहिल्यानगर जिल्हा)

वाद न करता सुद्धा पुष्कळ करता येतं, फक्त सुरुवात घरापासून नको, कार्यालयापासून करा. कायद्यात सरपंचाच्या पतीला कसलंही पद नाही. मतदार म्हणून ते ग्रामसभेला येऊ शकतात, बोलूही शकतात. मासिक सभेत मात्र त्यांना जागा नाही. हे तुम्ही घरी सांगण्याऐवजी ग्रामसेवकांनी सांगितलेलं बरं. त्यांच्याकडून सभेच्या नोटिशीवर 'सभेस फक्त सदस्यांनी उपस्थित राहावे' अशी ओळ घालून घ्या.

मग फोन. पंचायतीसाठी वेगळं सिम घ्या, तो नंबर फलकावर रंगवा आणि फोन स्वतः उचला. पहिले काही आठवडे लोक 'साहेब आहेत का?' असंच विचारतील. 'सरपंच बोलतेय, काम सांगा,' एवढं उत्तर पुरे. कार्यालयात बसायची वेळ ठरवा, आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दहा ते बारा, आणि ती वेळ चुकवू नका. वेळ चुकली की लोक पुन्हा घरी येतात, आणि घरी आले की मिस्टरांकडे जातात. यात लोकांचाही दोष नाही, त्यांना दाखल्यावर सही हवी असते, ती जिथे मिळेल तिथे ते जाणार.

मिस्टरांना सगळ्यातून बाहेर काढायची गरज नाही. गाडीने पंचायत समितीला पोचवणं, तुम्ही सभेत असताना मुलांकडे बघणं, ठेकेदार रात्री घरी आला तर त्याला 'उद्या कार्यालयात या' सांगणं, ही खरी मदत. एक गोष्ट मात्र ठामपणे वेगळी ठेवा: तुमच्या नावाची सही त्यांनी करायची नाही. दाखल्यावरही नाही, साध्या पोचपावतीवरही नाही. तुमच्या सहीचे दोन नमुने दिसले की सगळ्या जुन्या कागदांवर संशय येतो आणि जाब तुम्हालाच द्यावा लागतो. घरात हे सांगताना मुद्दा 'मी सरपंच आहे' असा मांडू नका. 'यात दोघंही अडकू' असा मांडा. तो खराही आहे आणि ऐकलाही जातो.

प्रश्न: सदस्य म्हणतात, आमचं ऐकलं नाही तर अविश्वास आणू. (सरपंच, बीड जिल्हा)

तुम्ही थेट जनतेतून निवडून आला असाल तर ही धमकी ऐकू येते त्याहून बरीच हलकी आहे. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं ठराव आणता येत नाही, आणि मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतही नाही. मधल्या काळात एकूण सदस्यांपैकी तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर करावा लागतो आणि त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन गावाने तो कायम करावा लागतो. म्हणजे शेवटचा शब्द मतदारांचा आहे. निवडून आल्याची तारीख, दोन वर्षं पूर्ण होण्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. धमकी आली की ते पान बघा.

खरा धोका दुसरीकडे आहे. मासिक सभा किंवा ग्रामसभा पुरेशा कारणाशिवाय घेतल्याच नाहीत, तर पद जाऊ शकतं. घाबरून सभा टाळणाऱ्या सरपंच अविश्वासाने नव्हे, या चुकीने घरी जातात. वर्षात मासिक सभा बारा, ग्रामसभा किमान चार. कॅलेंडरवर आजच गोल करा.

प्रश्न: पंचायत समितीत गेले की साहेब इंग्रजी शब्द वापरतात, मला काही कळत नाही, विचारायला लाज वाटते. (सरपंच, गडचिरोली जिल्हा)

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ प्रमाणे शासनाच्या कामकाजाची भाषा मराठी आहे. 'साहेब, हे मराठीत लिहून द्या,' हे मागणं तुमच्या हक्काचं आहे. जाताना कागदावर तीनच प्रश्न लिहून न्या, प्रत्येकाखाली दोन रिकाम्या ओळी ठेवा आणि उत्तर त्यांच्यासमोरच लिहा. निघताना वाचून दाखवा: 'म्हणजे प्रस्ताव पुढच्या मंगळवारपर्यंत द्यायचा, बरोबर?' तोंडी आश्वासन घेऊन परत फिरू नका. पहिल्या दोन-तीन वेळा एखादी सदस्य सोबत घ्या, पण बोलायचं तुम्ही. आणि यशदाचं (पुण्यातली सरकारी प्रशिक्षण संस्था) किंवा जिल्ह्याचं प्रशिक्षण असेल तेव्हा नवऱ्याला किंवा ऑपरेटरला न पाठवता स्वतः जा. तिथे तुमच्यासारखंच न कळणाऱ्या वीस जणी भेटतात, नंबर मिळतात, आणि पुढची पाच वर्षं ते नंबर कामाला येतात.

प्रश्न: मी अनुसूचित जातीची, राखीव जागेवर सरपंच. गावातली काही माणसं म्हणतात, २६ जानेवारीला झेंड्याला हात लावशील तर बघून घेऊ. घरचे म्हणतात, आजारी पडल्याचं सांग. (सरपंच, मराठवाडा)

ताई, इथे श्वासाचे व्यायाम सांगणार नाही. ही भीती तुमच्या मनातली नाही, समोरच्याने घातलेली आहे, आणि तिच्याशी एकटीने लढायचं नसतं. तुम्ही आजारी पडल्याचं सांगितलंत तर यंदाचा दिवस जाईल, पण १ मे येणार, १५ ऑगस्ट येणार, आणि 'तिने स्वतःच नकार दिला' असं गावात लिहून ठेवल्यासारखं होईल.

अनुसूचित जाती-जमातीच्या सरपंचाला किंवा सदस्याला पदाचं काम करू न देणं, अडवणं किंवा धमकावणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(एम) खाली स्वतंत्र गुन्हा आहे. धमकी कुणी दिली, कोणत्या तारखेला, कुठे, नेमके कोणते शब्द वापरले आणि ऐकायला कोण होतं, हे आजच लिहून काढा. 'काही लोक' असं मोघम लिहू नका, तिथेच अर्ज कमजोर होतो. फोनवर धमकी आली असेल तर रेकॉर्डिंग पुसू नका, दुसऱ्या फोनवर एक प्रत ठेवा.

अर्जाच्या चार प्रती करा: पोलीस ठाणे, तहसीलदार, गटविकास अधिकारी, आणि एक तुमच्याकडे. ध्वजारोहणाच्या किमान आठ दिवस आधी द्या आणि त्यात बंदोबस्ताची मागणी स्पष्ट लिहा: तारीख, वेळ, जागा. आदल्या दिवशी दिलेल्या अर्जावर पोलिसांना माणूस पाठवायला वेळच राहत नाही. ठाण्यात एकटीने जाऊ नका. एक महिला सदस्य, समाजातलं एक वडीलधारं माणूस आणि जमलं तर तालुक्यातली एखादी दुसरी सरपंच सोबत असू द्या. तक्रार नोंदवून घेत नसतील तर अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ वर फोन करा आणि त्यांनी दिलेला तक्रार क्रमांक टिपून ठेवा. तेच पत्र स्पीड पोस्टाने, पोच मिळेल असं, पोलीस अधीक्षकांना पाठवा. अंगावर येण्याची वेळ आली तर ११२.

ध्वजारोहणाची सूचना दोन दिवस आधी फलकावर लावून घ्या, तिच्यात 'सरपंच यांच्या हस्ते' हे शब्द आणि वेळ असू द्या, आणि सूचनेचा फोटो काढून ठेवा. शाळेच्या मुख्याध्यापकांना, अंगणवाडी सेविकांना आणि बचत गटांना लेखी निमंत्रण द्या, म्हणजे मैदानात बायका आणि मुलं आधीपासून हजर असतील. झेंड्याची दोरी आणि गाठ आदल्या संध्याकाळी शिपायाकडून करून घ्या, स्वतः दोनदा ओढून बघा आणि कप्पी अडकत नाही ना ते तपासा. घरच्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण करेल, हे आधी ठरवून ठेवा. आणि ठाण्यातून उठताना अर्जाच्या तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडलाय ना, ते बघूनच बाहेर या.